तेहतिसावी शेंग: सोयाबीनच्या एका पंचनाम्याचा प्रकरण अभ्यास

खोटे बोलणे कधी समर्थनीय ठरते का, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात बहुधा एका मारेकऱ्यापासून सुरू होतो. तो दाराशी येतो, तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा विचारतो, आणि मग खरे सांगायचे की मित्राला वाचवायचे यावर तासभर वाद चालतो. विदर्भातल्या खेड्यात असा मारेकरी सहसा कोणाच्या दाराशी येत नाही. येतो तो कागद आणि मोबाईल घेतलेला माणूस, आणि त्याला द्यायच्या उत्तरावर कोणाचा जीव नसला तरी हंगाम अवलंबून असतो. म्हणून येथे मारेकऱ्याऐवजी पंचनाम्याचे प्रकरण घेतले आहे. त्यातील माणसे आणि प्रसंग अभ्यासासाठी रचलेले आहेत. नियम आणि मदतीचा दर मात्र प्रत्यक्षातले आहेत.

प्रसंग

यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागातले एक गाव. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात महसूल मंडळात अतिवृष्टीची नोंद झाली, म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, आणि त्यानंतरही चार दिवस आभाळ उघडले नाही. सोयाबीन सोंगणीला आले होते. पावसात उभ्या झाडांवरच्या शेंगा फुगल्या, काहींतून कोंब बाहेर आले, काही काळ्या पडल्या. नुकसानीचे संयुक्त पंचनामे करण्याचा आदेश आला आणि तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक अशा तिघांनी गावाची शिवारे वाटून घेतली. नाल्याकडचे शिवार कृषी सहायकाच्या वाट्याला आले. तो नोकरीत नवा होता आणि काम मन लावून करणारा होता.

त्या शिवारात एका विधवा बाईचे ०.८० हेक्टर, म्हणजे सुमारे दोन एकर, कोरडवाहू वावर आहे. नवरा जाऊन दोन वर्षे झाली, वारस नोंद होऊन सातबारा तिच्या नावावर आला आहे, बियाणे आणि खत कृषी केंद्रातून उधारीवर आणलेले आहे, आणि मुलगी बारावीला आहे. सहायकाने नुसत्या नजरेने अंदाज न बांधता वावरात पाच ठिकाणी बसून प्रत्येकी शंभर शेंगा मोजल्या. खराब निघालेल्या शेंगा अनुक्रमे २४, ३१, २७, ३३ आणि ३० होत्या. सरासरी २९ आली.

शासकीय मदतीसाठी पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. ही मर्यादा पूर्वी ५० टक्के होती. २०१५ साली ती ३३ वर आणली गेली. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये ठरले होते, त्या हिशेबाने बाईच्या वावराला ६,८०० रुपये. दर एकच असल्यामुळे ३३ टक्के नुकसान झालेल्याला आणि ९० टक्के नुकसान झालेल्याला हेक्टरी सारखीच रक्कम मिळते, तर ३२ टक्केवाल्याला काहीच मिळत नाही.

बाईने आकडे ऐकले होते. ती म्हणाली, “भाऊ, चौथ्या जागी तेहतीसच निघाल्या ना, तुम्हीच त मोजल्या. तोच आकडा लिहा. मी काही खोटं लिहा म्हणत नाही.” सोबत आलेल्या दोन पंचांपैकी एकाने मान डोलावली, दुसरा धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, पाहत राहिला. सहायक थोडा वेळ थांबला आणि त्याने ३३ लिहिले. निघताना तो एवढेच म्हणाला, “काकू, हे कोणाजवळ बोलू नका.”

त्याच दिवशी सकाळी शेजारच्या वावरात त्याने ३० लिहिले होते. तो शेतकरी वयस्क होता. त्याने आकडा ऐकून घेतला, पंचनाम्यावर सही केली आणि काही मागितले नाही.

हे खोटे आहे का?

विश्लेषणाची पहिली पायरी येथेच आहे, आणि ती घाईने ओलांडण्यासारखी नाही. बाईचे म्हणणे वरवर निरुत्तर करणारे आहे. चौथ्या ठिकाणी ३३ शेंगा खरोखरच खराब होत्या. शिवाय शेंगांच्या संख्येवरून उत्पादनातील घट काढणे हा अंदाजच असतो: कोंब फुटलेली शेंग आणि काळी पडलेली शेंग यांचे नुकसान सारखे नसते, आणि सहावी जागा निवडली असती तर सरासरी बदललीही असती. प्रत्यक्षातले नुकसान ३३ टक्के नव्हतेच असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही.

परंतु खोटे बोलणे म्हणजे वस्तुस्थितीच्या विरुद्ध बोलणे नव्हे. स्वतःला जे खरे वाटते त्याच्या विरुद्ध बोलणे, आणि ऐकणाऱ्याने ते आपले खरे मत समजावे अशा रीतीने बोलणे, हे खोटे होय. जर्मन तत्त्वचिंतक इमान्युएल कांट यांनी सत्य आणि सत्यनिष्ठा यांत हाच भेद केला आहे. वस्तुस्थिती नेहमी आपल्या हाती नसते, पण आपल्या मताशी प्रामाणिक राहणे मात्र आपल्या हाती असते. सहायकाचे मत २९ होते. योगायोगाने खरे नुकसान ३४ टक्के निघाले असते तरीही त्याने लिहिलेले ३३ खोटेच ठरले असते, आणि उलट त्याने २९ लिहून खरे नुकसान ३४ निघाले असते तर तो चुकला असता, खोटा ठरला नसता.

या प्रकारच्या खोट्याला मराठीत आधीपासूनच नाव आहे: नरो वा कुंजरो वा. द्रोणपर्वात अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता; चौथ्या जागी ३३ शेंगा खराब होत्या हे जसे खरे, तसेच तेही खरे. त्या कथेत लक्षात ठेवण्यासारखा दुसराही तपशील आहे. द्रोणांनी खात्री करून घेण्यासाठी भीमाला सोडून युधिष्ठिराला विचारले, कारण तो खोटे बोलत नाही असा त्याचा लौकिक होता. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या वाक्यानंतर खाली टेकला. म्हणजे ते अर्धसत्य त्याच्या सत्यवचनी लौकिकाच्या बळावरच खपले, आणि खपताना तोच लौकिक खर्ची पडला. पंचनाम्यावरच्या सहीचेही असेच आहे.

परिणामवादी बाजू

खोट्याच्या बाजूने जे म्हणता येते ते पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे, कारण ते बरेच आहे. परिणामवादाच्या दृष्टीने कृतीची योग्यता तिच्यातून होणाऱ्या एकूण हितावर ठरते. येथे एका बाजूला ६,८०० रुपये आहेत, जे उधारी असलेल्या घरात रब्बीचे बियाणे किंवा मुलीची परीक्षा फी होऊ शकतात. दुसऱ्या बाजूला सरकारी तिजोरीवरचा असा भार आहे जो कोणाला जाणवणारही नाही. ही मदत म्हणजे प्रत्येक गावाला दिलेली बांधीव थैली नसते. निकषात बसणाऱ्यांच्या याद्या वर जातात आणि त्यानुसार पैसा येतो, त्यामुळे बाईला मिळालेली रक्कम शेजाऱ्याच्या ताटातून काढलेली नाही.

याहून मोठा युक्तिवाद नियमाच्या स्वरूपाचा आहे. ३३ ही रेषा सोयीसाठी आखलेली आहे. ३५ टक्के नुकसान झालेला, पण गावात किराणा दुकान चालवणारा शेतकरी पात्र ठरतो, आणि २९ टक्के नुकसान झालेली विधवा अपात्र ठरते. नियम गरज मोजत नाही, शेंगा मोजतो. मग ज्याने दोन्ही घरे पाहिली आहेत अशा माणसाने नियमातला आंधळेपणा चार टक्क्यांनी दुरुस्त केला तर त्यात बिघडले काय? २०१५ पूर्वी ४५ टक्के नुकसान झालेल्यालाही काही मिळत नव्हते. एका निर्णयाने तो पात्र झाला. जी रेषा कागदावरच्या निर्णयाने सतरा टक्के सरकते, ती धुऱ्यावर दयेपोटी चार टक्के सरकली तर आभाळ कोसळत नाही.

इंग्रज तत्त्वचिंतक जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६१ साली नियतकालिकातून आणि १८६३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेल्या उपयुक्ततावादावरील, म्हणजे परिणामवादाच्याच एका प्रकारावरील, निबंधात सत्यकथनाच्या नियमाला अपवाद मान्य केले आहेत. दुष्ट माणसापासून माहिती लपवणे आणि गंभीर आजारी माणसापासून वाईट बातमी लपवणे ही त्यांची उदाहरणे आहेत, आणि विशेषतः स्वतःखेरीज दुसऱ्या कोणावरचे मोठे व अकारण ओढवलेले संकट टाळणे ही त्यामागची कसोटी आहे. सहायकाला स्वतःला काही मिळाले नाही, बाईचे संकट अकारण होते. कसोटी लागू पडते असे वाटते.

पण मिल तेथेच थांबत नाहीत. माणसांच्या शब्दावरचा विश्वास हा समाजाच्या हिताचा मोठा आधार आहे, म्हणून अपवादाने तो विश्वास गरजेपेक्षा जास्त सैल होऊ नये आणि अपवादाच्या सीमा ठरलेल्या असाव्यात, असे ते बजावतात. त्यांची दोन्ही उदाहरणे पाहिली तर ती समोरासमोरच्या बोलण्याची आहेत: मारेकऱ्याला सांगितलेले खोटे मारेकऱ्यापाशी संपते, आजाऱ्यापासून लपवलेली गोष्ट त्याच्या खाटेपाशी राहते. पंचनाम्यातला आकडा तहसिलीत जातो, यादीत बसतो, आणि ज्यांनी ते वावर कधी पाहिले नाही अशा माणसांना तो पाहिल्यासारखा मानावा लागतो.

हिशेबातली दुसरी खोट मला अधिक महत्त्वाची वाटते. सहायकाने परिणाम मोजले, पण त्याला दिसणारे परिणाम एका वावरापुरते होते. बाईने मागितले म्हणून तिला मिळाले. सकाळच्या शेतकऱ्याने मागितले नाही म्हणून त्याला मिळाले नाही. त्याचे नुकसान बाईपेक्षा एक टक्का जास्त होते. त्याच्या घरची उधारी सहायकाला माहीत नव्हती, कारण त्याने ती सांगितली नाही. दयेतून लिहिलेले खोटे गरजेनुसार वाटले जाईल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात जो बोलू शकतो, ज्याचे दुःख वेळेवर डोळ्यांसमोर येते, त्याच्याकडे ते जाते. नियम आंधळा आहे हे खरे, परंतु त्याच्या जागी आलेल्या दयेलाही मोजकेच दिसते, आणि आपल्याला मोजकेच दिसते हे तिला ठाऊक नसते. आज ती विधवेकडे वळली. ज्या वाटेने ती वळली तीच वाट उद्या सरपंचाच्या पुतण्याला मोकळी आहे, आणि त्याला मागणे बाईपेक्षा चांगले जमते.

“कोणाजवळ बोलू नका” या वाक्याचाही विचार करायला हवा. केंब्रिजचे इंग्रज तत्त्वचिंतक हेन्री सिजविक यांनी १८७४ च्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात उपयुक्ततावादाचा एक अवघड निष्कर्ष प्रामाणिकपणे कबूल केला: उघडपणे करणे अयोग्य ठरेल अशी कृती गुप्तपणे करणे कधी कधी योग्य असू शकते. तर्क म्हणून हा निष्कर्ष सुसंगत आहे. मात्र तो ज्या गुप्ततेवर उभा आहे ती केंब्रिजला शक्य असेल. दोनशे उंबऱ्यांच्या गावात, दोन पंचांसमोर, ती संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

कर्तव्यवादी बाजू

कर्तव्यवादाच्या दृष्टीने कृतीची योग्यता तिच्या परिणामांवर नव्हे, तर ती कर्तव्याला धरून आहे की नाही यावर ठरते. कांट यांचा १७९७ सालचा निबंध, ज्यात त्यांनी फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्टंट यांना उत्तर देताना मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये असे म्हटले, त्यांच्या लेखनातला सर्वाधिक टीका झालेला निबंध असावा. आपल्या परंपरेने तर त्याच्या उलट निकाल केव्हाच दिला आहे. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो: सत्यव्रताचा अभिमान बाळगणाऱ्या कौशिकाने वनात लपलेल्या लोकांची वाट दरोडेखोरांना खरी सांगितली, ते लोक मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात सत्याच्या अपवादांची चर्चा महाभारताच्या आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्राच्या आधारे केली आहे. म्हणून मराठी वाचक या वादात बहुधा कांटविरोधी मनाने उतरतो, आणि मारेकऱ्याच्या प्रकरणात मीही त्याच बाजूचा आहे.

परंतु त्या निबंधातला मुख्य युक्तिवाद मारेकऱ्याचा नाही. कांट म्हणतात की खोट्याने एखाद्या विशिष्ट व्यक्तीचे नुकसान झाले नाही तरी एकूण मानवतेचे होते, कारण विधानांवरचा भरवसा नाहीसा झाला की ज्या करारांतून आणि कथनांतून हक्क निर्माण होतात तो हक्कांचा उगमच निकामी होतो. दाराशी उभ्या मारेकऱ्याला हे वाक्य लावले की ते निर्दय वाटते, कारण त्याचा माहितीवर कसला हक्क? धुऱ्यावर मात्र तेच वाक्य शब्दशः लागू पडते. पंचनामा हा हक्काचा उगमच आहे. त्या कागदाखेरीज कोणाही शेतकऱ्याला मदतीवर दावा सांगता येत नाही. ज्या निबंधाला आपण शंभर उदाहरणांनी हास्यास्पद ठरवतो, त्याला सोयाबीनच्या या वावरात पाय ठेवायला पक्की जमीन मिळते. पंचामुखी परमेश्वर या म्हणीतही श्रद्धेपेक्षा व्यवहार जास्त आहे: न पाहिलेल्या माणसाने पाहिलेल्याच्या शब्दावर निर्णय द्यायचा असेल तर त्या शब्दाला काहीतरी पवित्र मानावेच लागते.

१७८५ च्या ग्रंथात कांट यांनी दिलेले खोट्या वचनाचे उदाहरण तर वऱ्हाडातले वाटावे असे आहे. अडचणीतला माणूस परत करता येणार नाही हे ठाऊक असताना परतफेडीचे वचन देऊन कर्ज घेतो. हा त्याचा नियम सर्वांचा झाला तर वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही आणि खोटे वचन देणेही अशक्य होईल. या युक्तिवादाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. “सगळेच असे वागले तर काय होईल” हे येथे भविष्याचे भाकीत नाही, नाहीतर तोही परिणामवादच झाला असता. मुद्दा असा की सहायकाचे ३३ तहसिलीत चालले, कारण बाकीच्या पंचनाम्यांतले आकडे लोक मनापासून लिहितात असे धरलेले आहे. स्वतःला सूट घेताना त्याला इतरांनी सूट न घेणे आवश्यक होते. सकाळी लिहिलेले ३० प्रामाणिक होते म्हणूनच दुपारचे ३३ खपले.

या भूमिकेलाही कच्चे दुवे आहेत. नियम कोणत्या शब्दांत मांडायचा हा त्यातला जुना प्रश्न. “सरासरी मर्यादेपासून पाच टक्क्यांच्या आत असेल आणि शेतकरी अत्यंत गरजू असेल तर वरचा आकडा लिहावा” असा नियम सार्वत्रिक करता येतो, त्यात विसंगती नाही. पण मग तो उघडपणे करावा लागेल, म्हणजे मर्यादा २८ वर आणावी लागेल, आणि तेव्हा खोट्याची गरजच उरणार नाही. स्वतः कांटही शब्दांच्या आडोशाला गेले होते. धर्मविषयक लेखन न करण्याचे वचन १७९४ साली प्रशियाच्या राजाला देताना त्यांनी “आपला सर्वांत निष्ठावान प्रजाजन म्हणून” असे शब्द वापरले, आणि राजा वारल्यावर ते वचन त्या राजाच्या हयातीपुरतेच होते असे सांगितले. हा मजकूर वाचला की मला चौथ्या जागेच्या शेंगा आठवतात.

सहायकापुढे काय उरत होते

कर्तव्यवाद म्हणजे नियम पाळून हात झटकणे नव्हे. गरजूला मदत करणे हेही कांट यांच्या मते कर्तव्यच आहे. फक्त ते आपल्या साधनांनी करायचे असते. सहायकाने दिलेले ६,८०० रुपये त्याचे नव्हते आणि त्याने वापरलेली सहीही पूर्णपणे त्याची नव्हती. ३३ लिहिण्यासाठी त्याला काहीही मोजावे लागले नाही, आणि त्याच्या औदार्याविषयी मला शंका येते ती याच ठिकाणी. पाच जागा कमी वाटल्या असतील तर तो आणखी पाच जागा मोजू शकत होता, मात्र येणारा आकडा स्वीकारण्याच्या तयारीने. पाचही आकडे आणि मोजण्याची रीत शेऱ्यात लिहून तो वरिष्ठांना कळवू शकत होता की या शिवारात अनेक वावरे मर्यादेच्या अगदी अलीकडे अडकली आहेत. यातून बाईला त्या हंगामात बहुधा काही मिळाले नसते. हे मान्य करूनच २९ लिहिणे योग्य होते, असे माझे मत आहे. ते मत मांडताना मला उधारी फेडायची नाही, हेही मी विसरलेलो नाही.

पुढे जे घडले त्यात कोणाला शिक्षा झाली नाही. आधार जोडलेल्या खात्यात रक्कम आली, कृषी केंद्राची निम्मी उधारी फिटली, फेरतपासणी झाली नाही. मदतीची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याने ती वाचली आणि तो घरी गेला. तक्रार त्याने केली नाही.

पुढच्या खरिपात पुन्हा पाऊस लांबला आणि तोच सहायक पुन्हा त्या शिवारात आला. आदल्या वर्षी म्हातारा त्याच्यासोबत चिखलात उतरून झाडे उपटून दाखवत होता. या वेळी तो धुऱ्यावरच उभा राहिला. सहायकाने पाच जागा मोजल्या आणि आकडे मोठ्याने वाचले, तेव्हा तो म्हणाला, “लिहा साहेब, तुम्हाले जे लिहायचं आहे ते,” आणि सहीसाठी हात पुढे केला.